वाळवंटाचा दुसरा हप्ता

कादंबरीचा पुढचा भाग आणि कर्जाचा पुढचा हप्ता यांत एक साम्य आहे. पहिल्या वेळी माणूस हौसेनं सही करतो, दुसऱ्या वेळी 'कशाला केली' म्हणून डोकं खाजवतो. निदान बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माझ्यासारख्याला तरी असंच वाटतं. तरीही फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' संपली आणि मी 'ड्यून मेसाया' मागवलीच.

'ड्यून' 1965 सालची. ती वीसेक प्रकाशकांनी परत केली आणि शेवटी छापली ती मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीनं. ग्रह सगळा वाळवंटाचा. पावसाचा थेंब नाही. माणसं अंगात असा पोशाख घालतात, की घामाचं पाणी गाळून पुन्हा प्यायला मिळावं. पर्जन्यछायेतल्या शिरूरकराला यात परकं असं काहीच वाटत नाही. सौ.ला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "उन्हाळ्याच्या आत दोन आणा. मापाचं बघून घ्या." असो. या ग्रहावर पॉल नावाचा राजपुत्र येतो, वाळवंटी लोकांचा त्राता होतो आणि शेवटी सम्राट. सगळं यथासांग. खातं बंद करून 'अखेरची शिल्लक शून्य' लिहावं असा शेवट.

पण हर्बर्ट पक्का हिशेबनीस. 1969 साली त्यानं तीच अखेरची शिल्लक पुढल्या वहीत आरंभीची म्हणून ओढली. बारा वर्षं लोटलीत. पॉलच्या नावानं धर्मयुद्ध झालंय आणि त्यात 61 अब्ज माणसं मेलीत, 90 ग्रह निर्जीव झालेत. 61 अब्ज म्हणजे 6,100 कोटी. सवयीनं मी शून्यं दोनदा मोजली. बरोबर होती. ज्या संपादकानं 'ड्यून' आपल्या मासिकात क्रमशः छापली, त्या जॉन कॅम्बेलनं हा दुसरा भाग नाकारला. त्याला नायक जिंकणारा हवा होता. खरं सांगायचं तर मलाही तसाच हवा होता.

पुस्तकात दोष आहेत. सुरुवातीलाच चार कटवाले जमून जे बोलत बसतात, ते वाचताना मला तिमाही अखेरची मीटिंग आठवली. प्रत्येकजण दुसऱ्यावर संशय घेतोय, निर्णय कोणी घेत नाही, फक्त चहा तेवढा नाही. लढाया तर सगळ्या दोन पुस्तकांच्या मधल्या कोऱ्या पानावर उरकलेल्या. आपल्या हाती येतात त्या नुसत्या पावत्या. पण त्या पावत्यांतच गंमत आहे. फारोक नावाचा एक म्हातारा शिपाई सांगतो, की तो धर्मयुद्धाला गेला तो समुद्र पाहायला. समुद्र पाहिला, पाण्यात उतरला आणि बाहेर आला तो युद्धाचा ज्वर उतरूनच. साऱ्या पुस्तकात मला शहाणा वाटला तो हाच एक.

हे सगळं मी वाचलं ते दर रविवारी, दौंडला, मोठ्यानं, जमेल तसं मराठी करत. आमचे अप्पा तिथं राहतात. रेल्वेत गार्ड होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आहेत. मी शिरूरहून न्हावरे, चौफुला करत एसटीनं जातो, संध्याकाळी परत. गेलं वर्षभर 'अप्पांना शिरूरला आणायचं' हा विषय आमच्या घरात थकबाकीसारखा पुढं सरकतोय. त्यांना एकटं कसं ठेवता, असं नातेवाईक मला विचारतात. अप्पांना कोणी विचारत नाही.

शेवट सांगू नये असा समीक्षेचा दंडक आहे, पण 1969 सालचं प्रकरण, मुदत केव्हाच उलटून गेली. तर एका स्फोटात पॉलचे डोळे जातात. तरी तो चालतो, बोलतो, समोरच्याच्या शर्टाचा रंग सांगतो, कारण भविष्य त्यानं आधीच पाहून ठेवलेलं असतं. ते आठवत आठवत तो पाऊल टाकतो. मग बायको बाळंतपणात जाते. त्याला भविष्यात एकच मूल दिसलेलं असतं, जन्मतात जुळी. हिशेब तिथं चुकतो आणि तो खराखुरा आंधळा होतो. त्या लोकांची रीत अशी, की आंधळ्यानं वाळवंटात निघून जायचं. सम्राटही निघून जातो.

मी पुस्तक मिटलं. नको ते वाचलं असं झालं.

अप्पा म्हणाले, "यात नवीन काय? लढाई संपल्यावर छत्तीस वर्षांनी यादव एकमेकांना मारून संपलेच की. आणि धृतराष्ट्रही वनातच गेला. आपल्या लोकांना पारायण हवं ते युद्धापर्यंतचं. पुढचं पर्व कोण वाचतो?" मग कान टवकारून म्हणाले, "मनमाडकडची आली. डिझेल लावलंय आज."

मी मूळ विषय काढला. "अप्पा, चला ना शिरूरला. तिथं दवाखाना जवळ, आम्ही जवळ."

"शिरूरला रेल्वे आहे का?"

"नाही."

"मग तिथं मी आंधळा होईन रे."

'ड्यून मेसाया'वर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं असेल, पण पॉल आंधळा कधी होतो, हे मला त्या वाक्यानं समजलं. डोळे जातात तेव्हा नव्हे, ओळखीचं जग पायाखालून जातं तेव्हा. कॅम्बेलसाहेबांनी एकदा दौंडला यायला हवं होतं.

निघताना अप्पांनी विचारलं, "याचा तिसरा भाग आहे का?"

"आहे. एकूण सहा लिहिलेत त्यानं."

"मग रविवारी घेऊन ये," ते म्हणाले, "आणि तुझी एसटी चुकेल. सोलापूरकडची गाडी आली, म्हणजे सव्वासहा झाले."

मी घड्याळ पाहिलं. सहा वाजून सोळा मिनिटं झाली होती. एक मिनिट गाडीला उशीर होता.