सातकर्णी : पडद्यावरील आणि त्रिरश्मीवरील

इ. स. २०१७ मध्यें 'गौतमीपुत्र सातकर्णी' हा तेलुगु बोलपट प्रसिद्ध झाला. दिग्दर्शक क्रिश, नंदमूरी बाळकृष्ण हे नायक, हेमामालिनी या राजमाता, श्रिया सरन या राणी वासिष्ठी आणि कबीर बेदी हे नहपान. ज्या राजाची प्रशस्ति आमच्या पांडवलेण्यांत कोरलेली आहे, त्याच्यावर एवढा खर्चिक खेळ रचला जावा याचें नाशिककरांस कौतुकच वाटावें. प्रस्तुत लेखकानेंही तो उत्सुकतेनें पाहिला. परंतु पाहून उठतांना मनास समाधान लाभलें नाहीं. तें कां, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

कल्पित प्रसंग घातले म्हणून आमची तक्रार नाहीं. धनंजयानें दशरूपकांत कथावस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य व मिश्र असे तीन भेद सांगितले असून, प्रख्यात वृत्तांतील जें नायकास किंवा रसास विरोधी असेल तें टाकावें अथवा पालटावें, अशी मोकळीकही दिली आहे. कालिदासानें ती घेतली. 'मालविकाग्निमित्रां'त विदिशेच्या अग्निमित्राचें विदर्भाशीं युद्ध चालू आहे आणि त्याच वेळीं त्याचें मन मालविकेवर जडलें आहे. ती मालविका विदर्भांतील माधवसेनाची बहीण निघते, आणि अखेर वरदा नदी ही सीमा ठरून दोघां चुलतभावांस राज्य वांटून मिळतें. प्रेम व राजकारण हीं दोन्ही सूत्रें एकाच गांठींत येतात. पालट करण्याचा अधिकार आहे. मात्र त्या पालटानें रस वाढला पाहिजे.

बोलपटांत ही गांठ बसत नाहीं. राजा बाल पुत्रास रणांगणावर नेतो म्हणून वासिष्ठी रुष्ट होते, हा प्रसंग हृद्य आहे. 'वासिष्ठी' हें वस्तुतः गोत्रावरून आलेलें अभिधान होय, तिचें स्वतःचें नांव नव्हे. पण तेंही क्षम्य मानूं. खरा दोष पुढें आहे. नहपानाचा निकाल लागल्यावर डेमेट्रियस नांवाचा यवन सम्राट् उभा केला जातो. मातेच्या लेखांत शक, यवन व पह्लव यांच्या नाशाचा उल्लेख आहे, तेव्हां यवन आणण्यास आधार नाहीं असें नाहीं. परंतु डेमेट्रियस व सातकर्णी यांच्यांत किमान २५० वर्षांचें अंतर आहे. शिवाय या परक्या शत्रूच्या आगमनानें नहपान फिका पडतो, आणि ज्या वैरानें महाराष्ट्राचा इतिहास घडला तें वैर उपकथानक होऊन बसतें.

तें वैर त्रिरश्मीवर जाऊन वाचावें. दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याच्या दानांची यादी आहे : ब्राह्मणांस ३,००,००० गाई, १६ गांवें, आणि गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेवलेले ३,००० कार्षापण. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनें दिलेल्या ओवरीचाही लेख तेथें आहे. म्हणजे हा प्रतिपक्ष केवळ दुष्ट नव्हता. तिसऱ्या लेण्यांत विजयी सातकर्णीची आज्ञा आहे : तोंवर उषवदाताच्या भोगवट्यांत असलेलें २०० निवर्तनांचें शेत भिक्षूंस द्यावें. पुढें तें गांव ओस पडलें, शेत पडीक राहिलें. तेव्हां राजानें व राजमातेनें नगराच्या सीमेवरील १०० निवर्तनें त्याऐवजीं दिलीं. पुलुमावीच्या १९ व्या वर्षीं वृद्ध बलश्री दिवंगत पुत्राचे पराक्रम त्याच लेण्यांत कोरविते. क्षहरात वंशाचा त्यानें निःशेष केला असें ती सांगते. शत्रूचें दान आणि जेत्याच्या आईचा शोक एकाच डोंगरावर! याहून अधिक नाट्य कोणत्या लेखकास हवें?

शृंगारच हवा असेल तर तोही लेखांत आहे. कान्हेरी येथील एका संस्कृत लेखांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळांतील महाक्षत्रपाची कन्या म्हटली आहे. लेख खंडित आहे. तरी तो महाक्षत्रप रुद्रदामन् होय असें बहुतेक पंडित मानतात. त्याच रुद्रदाम्याचा शक ७२ नंतरचा जुनागडचा लेख सांगतो कीं, दक्षिणापथपति सातकर्णीस दोनदां जिंकूनही निकट संबंधामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं. तो पराभूत राजा हाच जांवई कीं त्याच्या घराण्यांतील दुसरा कोणी, याविषयीं वाद आहे. पण सासर आणि माहेर यांच्या सैन्यांमध्यें उभी असलेली ती निनांवी राणी कोणत्याही नाटककाराची नायिका होण्यास योग्य होती. बोलपटकारांस ती दिसली नाहीं.

शेवटीं संग्राहक मित्रांस एक विनंति. १९०६ मध्यें जोगलटेंभी येथें नहपानाचीं १३,००० हून अधिक रौप्य नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारला आहे. कित्येकांवर चैत्याच्या चिन्हाखालून क्षहरात राजाचा चेहरा अजून डोकावतो. आमच्यांपैकीं कित्येकजण स्वच्छ छापाचें नाणें उंची व असें द्विमुद्रित नाणें हलकें मानतात. वस्तुतः दोन राजांचें वैर जेथें एकाच चांदीच्या तुकड्यावर हाताला लागतें, तें नाणें सर्वांत आधीं जपलें पाहिजे. घांसून उजळूं नये, वितळवूं तर नयेच. नवा बोलपट पुढें केव्हांही निघेल. त्या नाण्यावरील पुसला गेलेला चेहरा मात्र पुन्हां उमटणार नाहीं.