इमादशाहीची द्वारशिल्पे : मूळ आणि अर्थ

वऱ्हाडच्या इमादशाही घराण्याविषयीच्या लेखनाचा आरंभ बहुधा मूळपुरुषाच्या जन्मकथेने होतो. फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातील कानडी हिंदू कुळातला. बालपणी युद्धात बंदी होऊन तो वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी वाढला, असे फरिश्ता सांगतो. ही कथा अविश्वसनीय नाही. मात्र ती विजापूरच्या आश्रयाने, हे राज्य बुडाल्यानंतर लिहिली गेली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या कथेच्या आधारे अमरावती जिल्ह्यातील गाविलगडाच्या दिल्ली दरवाजाचा अर्थ लावला जातो. तेथे सिंह आणि हत्तींना पकडणारा द्विमुखी गंडभेरुंड कोरलेला आहे. गंडभेरुंड हे विजयनगरचे चिन्ह, तेव्हा धर्मांतरित सरदाराने आपले कूळ दगडात जपले, असा निष्कर्ष काढण्यात येतो.

हा निष्कर्ष टिकत नाही. गंडभेरुंड विजयनगराहून प्राचीन आहे. बळ्ळिगावीचा भेरुंडस्तंभ इ. स. १०४७ चा आहे. ज्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो ठळकपणे दिसतो, त्याची कारकीर्द १५२९ मध्ये, म्हणजे फतहुल्लाच्या पश्चात सुरू झाली. बिदरच्या १५०३ च्या शर्झा दरवाजावर वाघ आहेत. परंतु त्यांवरून बहामनी सुलतानाचे कूळ कोणी शोधीत नाही. शिवाय अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील १४८७ च्या शिलालेखात फतहुल्ला आपल्या धन्याचे, महमूदशहा बहामनीचे, नाव घालतो. गाविलगडाची डागडुजीही त्याने स्वतंत्र होण्यापूर्वीच, १४८८ च्या सुमारास केली. सुभेदाराने धन्याच्या किल्ल्यावर कोरविलेले चिन्ह हे प्रथम सत्तेचे चिन्ह होय.

शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. याचे उदाहरण घराण्याच्या नावातच आहे. ‘इमाद’ म्हणजे खांब. ‘इमादुल्मुल्क’, राज्याचा आधारस्तंभ, हा सेवकाला मिळालेला किताब होता. १४९० मध्ये धन्याची सत्ता ढासळताच त्याच किताबाला ‘शाह’ जोडले गेले आणि ते एका स्वतंत्र घराण्याचे नाव झाले. नावाच्या मुळाशी चाकरी असली, तरी त्यात चाकरी कोणी वाचीत नाही. मग पक्ष्यालाच वेगळा नियम का?

१५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने हे राज्य घेतले. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला. घराणे गेले, दरवाजे राहिले. त्यांचे वाचन जन्मकथेपाशीच थांबले, तर ज्या पुरुषाने परक्या मुलखात सत्ता उभारली, त्याचे सारे कर्तृत्व केवळ कुळाच्या आठवणीत जमा होईल. हा अन्याय त्याच्यावरही आहे आणि वऱ्हाडच्या इतिहासावरही.