पत्त्यांतील नगर आणि राहते नगर

एका माध्यमातील विश्व दुसऱ्या माध्यमात नेताना काय टिकते आणि काय गळते, हा रूपांतरमीमांसेतील जुना प्रश्न होय. कादंबरीचे नाटक किंवा नाटकाचा चित्रपट होताना निदान मूळ संहिता सलग असते. पत्त्यांच्या खेळातील विश्वाचा भूमिकाखेळ होतो, तेव्हा मात्र हा आधारही राहत नाही.

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा संग्राह्य पत्त्यांचा खेळ १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक पत्त्यांवर एक नाव, एक चित्र, खेळाचा एखादा नियम आणि क्वचित दोन ओळींचे वचन एवढेच असते. १९७४ पासून खेळला जाणारा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा याहून निराळा खेळ. त्यात मेजाभोवती बसलेले खेळाडू एकेका पात्राच्या तोंडून बोलतात, सूत्रधार भोवतालचे जग सांभाळतो आणि कृतीचे यशापयश फाशांवर ठरते. 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या संस्थेने १९९७ मध्ये दुसऱ्या खेळाचे प्रकाशक विकत घेतले आणि दोन्ही खेळ एका घरचे झाले. तरीही पत्त्यांतील विश्वावर भूमिकाखेळाचे पहिले भरघोस पुस्तक, 'गिल्डमास्टर्स गाइड टू रॅव्हनिका', निघण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

हा विलंब केवळ व्यावसायिक मानता येणार नाही. पत्ता असामान्य क्षण टिपतो: स्फोट, झुंज, शोध, मृत्यू. भूमिकाखेळाला अशा दोन क्षणांमधला काळ लागतो. पात्र राहते कोठे, कोणाचे देणे लागते, कोणासमोर मान खाली घालते, हे ठाऊक नसेल तर खेळाडूला त्याच्या तोंडून बोलता येत नाही. तेव्हा रूपांतराची खरी कसोटी चित्रांच्या निष्ठेत नसून नात्यांच्या निर्मितीत आहे.

'रॅव्हनिका' या कसोटीला उतरते. मूळ खेळात पाच रंग आहेत, आणि पाच रंगांच्या जोड्या दहा होतात. २००५ पासून निघालेल्या पत्तेसंचांनी या दहा जोड्यांचे दहा संघ केले आणि ते एका अफाट नगरात वसवले. पुस्तकाने हा हिशेब समाजरचनेत उतरवला. संघ ही पात्राची पूर्वपीठिका होते. संघात त्याचे सोबती असतात, परक्या संघातही ओळखी असतात, आणि कर्तबगारीनुसार त्याची पत वाढते. ऑर्झोव्ह संघात तर ऋण मृत्यूनंतरही फिटत नाही. ऋणको भूत होऊन राबतो. पत्त्यांवर जो रंगांचा नियम होता, तो येथे माणसामाणसांतील बंधन झाला आहे.

याउलट उदाहरण 'कलादेश'चे. २०१६ च्या या पत्तेसंचातील विश्व भारतीय वळणाचे आहे: घिरापूर हे नगर, तेथे भरलेला संशोधकांचा मेळा, सोनेरी नक्षीची यंत्रे, आणि 'ईथर' या ऊर्जेच्या वाटपावर ताबा ठेवणारी सत्ता. जेम्स वायट यांची 'प्लेन शिफ्ट: कलादेश' ही विनामूल्य पुस्तिका २०१७ मध्ये निघाली. संशोधक आणि सत्ता यांच्यातील संघर्ष तिने नेमका पकडला आहे, हे मान्य करावयास हवे. ईथरच्या शुद्धीकरणातून उपजणाऱ्या अल्पायुषी जीवांची कल्पना तर अस्सल करुण आहे. परंतु भारतीयत्व नावांपाशी आणि नक्षीपाशी थांबते. रश्मी हे नाव येथे एका 'एल्फ' स्त्रीचे आहे. युरोपीय लोककथेतून आलेला वंश तसाच ठेवून त्याला भारतीय नाव दिले, की दोन्ही परंपरा पोशाखापुरत्या उरतात.

ही उणीव न्यू यॉर्कमध्ये कदाचित जाणवणार नाही. पण समजा, बेंगळुरूच्या इंदिरानगरात हे मेज मांडले आणि भोवती कन्नड, तमिळ, मराठी घरांतील खेळाडू बसले. घिरापूरची मुलगी घरी कोणती भाषा बोलते आणि कारखान्यात कोणती, तिच्या नावावरून तिचे मूळ कोण ताडतो, यंत्रशाळेत तिला कोण शिरू देत नाही, हे प्रश्न तेथे पहिल्याच बैठकीत उभे राहतील. या मंडळींच्या परिचयाचा समाज अशाच प्रश्नांनी घडलेला आहे. उत्तरे सूत्रधाराला स्वतःच रचावी लागतील.

नावातच हा पेच आहे. रोमन लिपीत 'कला' आणि 'काला' यांतील भेद बुजतो. कलेचा देश हिंदी वाचकाला काळा देशही वाटू शकतो. देवनागरीत हा घोटाळा संभवत नाही. २०२५ च्या 'ईथरड्रिफ्ट' या संचात या विश्वाचे नाव 'आविष्कार' झाले, हे योग्यच म्हणावे लागेल.

या संदर्भात सावंतवाडीची परंपरा विचारात घेण्याजोगी आहे. तेथील दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने असतात. डावाचा आरंभ दिवसा रामाकडे, तर रात्री कृष्णाकडे असतो. त्याच परिसरात दशावतारी नाट्यही नांदते. त्यातील नट आख्यान ठाऊक असताना लिखित संहितेवाचून रंगमंचावर उत्स्फूर्त संवाद बोलतात. गंजिफेतून हे नाट्य निघालेले नाही. पान आणि पात्र दोहोंच्या मागे कीर्तन-पुराणांतून मुरलेली एकच सामाईक स्मृती आहे. म्हणूनच वराहाच्या पानावर फारसे काही लिहावे लागत नाही, आणि नटालाही शब्दांची वाण पडत नाही.

'मॅजिक'मधील विश्वे पत्त्यांसाठी रचली गेली. त्यांना अशी पूर्वस्मृती नाही. ती पुरवणे हेच रूपांतरकाराचे काम. 'रॅव्हनिका'त ते खेळाच्याच नियमांतून साधले. 'कलादेश'ला उसनी का होईना, एक प्रचंड जिवंत स्मृती हाताशी होती. तिच्यातील नक्षी घेतली गेली, नाती घेतली गेली नाहीत. भारतीय भाषांत असा भूमिकाखेळ कोणी रचू पाहील, तर त्याने प्रारंभ नात्यांपासून करणे इष्ट ठरेल.