चिराग अली यांचे शब्दशास्त्रीय उत्तर
बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्याच राज्याचे एक अधिकारी मौलवी चिराग अली यांनी १८८५ साली कलकत्त्याहून जिहादविषयक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पैगंबरांनी धर्मप्रसारार्थ तलवार उपसली, हा विल्यम म्यूरप्रभृती ख्रिस्ती लेखकांचा आक्षेप. पैगंबरांची युद्धे आत्मरक्षणार्थ होती, असे सांगून चिराग अली शब्दाकडे वळतात. 'जिहाद' म्हणजे मूळ अरबीत श्रम, पराकाष्ठा. युद्ध हा अर्थ उत्तरकालीन धर्मशास्त्र्यांनी रूढ केला, असे ते परिशिष्टात साधार दाखवितात. (उर्दूतील 'जद्दोजहद' या शब्दात हाच धातू 'धडपड' या अर्थाने आजही नांदतो.)

येथवर विवेचन बळकट आहे. परंतु अर्थ केवळ व्युत्पत्तीने ठरत नाही, वापराने ठरतो; फिकहग्रंथांतील शतकानुशतकांचा रूढार्थ 'उत्तरकालीन' म्हटल्याने नाहीसा होत नाही. तेव्हा हे उत्तर टिकावयाचे, तर फिकहचे प्रामाण्यच नाकारावे लागते. चिराग अली यांनी ते धैर्य आधीच दाखविले होते: धर्मोपदेशक मॅल्कम मॅकॉल यांना उत्तर म्हणून १८८३ मध्ये मुंबईस छापलेल्या ग्रंथात फिकह अपरिवर्तनीय नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. या प्रतिपादनाचा खरा रोख उलेमांवर होता. इंग्रजीत लिहिल्यामुळे ते प्रथम पोचले टीकाकारांकडे.