आगर आणि आगरकर

भाईंदर पूर्वेतील माझ्या संगणकावर जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने आहेत. मिठागरांवरचे लेखन हवे म्हणून ‘आगर’ हा शब्द शोधावा, तर ‘ज्ञानाचे आगर’ येते, नारळी-पोफळीच्या बागा येतात आणि गोपाळ गणेश आगरकरही येतात. शब्द सापडतो, विषय सापडत नाही. सगळा मजकूर शोधता येत असताना वर्गीकरण कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे.

फोल्डर हाही उपाय नव्हे. मेलविल ड्यूई यांची १८७६ची दशांश पद्धती फडताळासाठी होती : एक ग्रंथ, एक जागा. मिठागरांवरचा लेख मग उद्योगात ठेवायचा, मजुरांच्या प्रश्नांत की आगरी समाजाच्या अभ्यासात? संगणकात फडताळ नसते, तरी फोल्डरांच्या रूपाने आपण तेच पुन्हा उभारतो.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३३च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे केले. पुढे त्यांनी ते व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच कोटींत बसवले. मजूर, मीठ, उत्पादन, भाईंदर, अमुक दशक असे धागे नोंदवले की कोणताही एक धरून लेखापर्यंत पोचता येते. ग्रंथाला फडताळावर एकच जागा असल्यामुळे रंगनाथन यांना हे धागे अखेर एका क्रमांकात ओवावे लागले. ती सक्ती आता उरलेली नाही.

तरीही माझी एक हरकत आहे. या कोटी लेख कशाविषयी आहे ते सांगतात, तो कोणाच्या बाजूने बोलतो ते सांगत नाहीत. मालकाचा हिशेब आणि खाऱ्या पाण्यात पाय सोललेल्या मजुराची कैफियत त्यांत शेजारी-शेजारी बसतील. म्हणून माझ्या नोंदींत ‘बोलणारा कोण’ हा सहावा रकाना आहे. तो भरायचा तर लेख वाचावाच लागतो.

का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकांची परंपरा सुरू केली. आज अंक स्कॅन होतात, पण बहुधा नोंद होते ती अख्ख्या अंकाची : नाव आणि वर्ष. ती लेखवार व्हायला हवी. रंगनाथन यांच्या १९३१च्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याचे आहे. अंकाच्या आत पडून राहिलेल्या लेखालाही तेवढा हक्क असावा.