निर्देशांकातच शिक्षण असेल तर शिक्षणाचा परिणाम कसा मोजणार?



'शिक्षण वाढलं की कुटुंबाचं दारिद्र्य घटतं' हे गृहीतक बऱ्याच जणांच्या संशोधन आराखड्यात असतं. माझ्याही होतं. मी नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक घेतला आणि कुटुंबप्रमुखाच्या शिक्षणाशी त्याचा संबंध तपासला. निकाल एकदम झकास आला. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "या निर्देशांकात काय काय मोजलंय, ते वाचलंस का?"

वाचलं नव्हतं.

या निर्देशांकात १२ निकष आहेत. त्यातले दोन शिक्षणाचे. घरातल्या १० वर्षांवरील एकानेही सहा वर्षांचं शालेय शिक्षण पूर्ण केलं नसेल, तर घर वंचित. आठवीपर्यंतच्या वयाचं एखादं मूल शाळेबाहेर असेल, तरी वंचित. प्रत्येकाचा भार १/६, म्हणजे दोन्ही मिळून १/३. आणि गरीब ठरण्याची मर्यादा ३३ टक्के! म्हणजे घरात पैसा कितीही असो, नुसत्या शिक्षणावरून ते गरीब ठरू शकतं. मग शिक्षण वाढल्यावर हा आकडा खाली येणारच. याला निष्कर्ष कसा म्हणायचा? ती तर व्याख्याच झाली.

निर्देशांक वाईट आहे असं नाही. घरात कशाची उणीव आहे, हे तो चांगलं सांगतो. पण कारण शोधायचं असेल, तर गरिबी वेगळी मोजा. उदाहरणार्थ, २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणातला दरडोई मासिक खर्च घ्या.

तरीही एक पेच उरतो. बीडकडून आपल्या कोल्हापुरात ऊसतोडीला येणारं कुटुंब पाहा. ऐन शाळेच्या दिवसांत मुलं आईबापांबरोबर फडात असतात. इथे गरिबीच शिक्षण तोडते. त्यामुळे परिणामाची दिशा गृहीत धरू नका.

शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण वसतिगृहांची सुरुवात १९०१ पासूनच केली होती. फी माफ झाली तरी जेवणाचा आणि राहण्याचा खर्च उरतोच.

तेव्हा आराखडा जमा करण्याआधी एक काम करा. तुमच्या निर्देशांकातले सगळे निकष एका कागदावर लिहून काढा. ज्याचा परिणाम मोजायचा आहे तेच त्यात सापडलं, तर थांबा. मी थांबलो नव्हतो, म्हणून एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.