'बळी' की 'बलिदान'? : अंतराळात पाठवलेल्या प्राण्यांच्या मराठी कथनाची चिकित्सा

अंतराळ संशोधनाचा इतिहास मराठीत सांगितला जातो तेव्हा त्यातील प्राण्यांच्या वाट्याला प्रायः दोनच शब्द येतात : 'पहिला मान' आणि 'बलिदान'. ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथील शाळकरी वाचकाला लायका भेटते ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील एका ओळीत, 'अंतराळात जाणारा पहिला प्राणी' म्हणून. ही ओळ तथ्यदृष्ट्याही सदोष आहे. अमेरिकेने १९४७ मध्येच व्ही-२ अग्निबाणातून फळमाश्या पाठवल्या होत्या. लायका हा पृथ्वीप्रदक्षिणा घालणारा पहिला प्राणी होय. परंतु तथ्यदोषापेक्षा त्या ओळीचे व्याकरण अधिक चिंत्य आहे. 'जाणारा' म्हटले की कर्तृत्व प्राण्याकडे येते आणि पाठवणारा वाक्याबाहेर राहतो.

'बलिदान' या शब्दाबाबतही हेच घडते. त्याचा मूळ अर्थ बळी अर्पण करणे हा असला, तरी आधुनिक मराठीत तो स्वेच्छेने केलेल्या प्राणार्पणासाठी रूढ झाला आहे. बलिदान स्वतः करावयाचे असते. बळी दुसऱ्याचा दिला जातो. लायकाचा बळी दिला गेला. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून तिला पाठवताना परतीची कोणतीही योजना नव्हती. मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री निवडण्यामागे त्यांची थंडी व उपासमार सोसण्याची सवय हे कारण होते. कल्याणच्या फलाटावर निजणारी कुत्री रोज पाहणाऱ्या वाचकास या निकषाचा अर्थ वेगळा सांगावयास नको : सोसण्याची सवय हीच निवडीची पात्रता ठरली. ती काही दिवस जिवंत होती, असे सोव्हिएत कथन होते. प्रत्यक्षात अतिउष्णतेमुळे उड्डाणानंतर पाच ते सात तासांतच ती मरण पावली, हे दिमित्री मालाशेंकोव्ह यांनी २००२ मध्ये, म्हणजे सुमारे ४५ वर्षांनी, उघड केले. तत्पूर्वी १९९८ मध्ये त्या प्रकल्पातील शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी जाहीर खेद व्यक्त केला होता. त्या मृत्यूचे समर्थन व्हावे इतके ज्ञान मोहिमेतून मिळाले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पाठवणाऱ्यानेच नाकारलेला गौरव कथनाने मात्र चालू ठेवावा, हे विपरीत आहे.

भारतीय परंपरेत प्राण्यांना देवत्व असल्याने हा प्रश्न मूलतः पाश्चात्त्यांचा आहे, असा एक युक्तिवाद संभवतो. एबल या माकडिणीचे उदाहरण त्यास पुरेसे उत्तर देते. १९५९ च्या अमेरिकी उड्डाणासाठी प्रशिक्षित केलेली ऱ्हीसस माकडे भारतात जन्मलेली होती. माकड भारतात पवित्र मानले जाते, या कारणास्तव ती ऐनवेळी वगळण्यात आली आणि अमेरिकेत जन्मलेली, त्याच जातीची एबल निवडली गेली. २८ मे १९५९ रोजी ती बेकर या दुसऱ्या माकडिणीसह जिवंत परतली. परंतु १ जून रोजी शरीरातील विद्युदग्र काढण्याच्या शस्त्रक्रियेत, भूल दिली असता मरण पावली. हनुमंताविषयीच्या श्रद्धेची बूज राखली गेली, माकडाची नव्हे. आणि ही श्रद्धा असतानाही भारतातून प्रयोगांसाठी होणारी ऱ्हीसस माकडांची निर्यात १९७८ पर्यंत चालूच होती! १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे कलम १४ ही नवज्ञानासाठीच्या प्रयोगांना मुभा देते. त्यावर देखरेखीची समिती असते, एवढाच अंकुश.

गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी इस्रोने जानेवारी २०२० मध्ये 'व्योममित्रा' ही मानवसदृश यंत्रप्रतिमा सादर केली. प्राण्याऐवजी यंत्र, ही निवड स्वागतार्हच आहे. तथापि तिच्या आधारे 'भारत प्राणी पाठवत नाही' असे सरसकट विधान करणे धाडसाचे ठरेल. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांच्यासमवेत अंतराळ स्थानकावर गेलेल्या भारतीय प्रयोगांत टार्डिग्रेड हे अतिसूक्ष्म प्राणी होते. त्यांना वेदना होतात काय, हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे. त्यांच्याविषयी लिहिताना 'गेले' म्हणावयाचे की 'पाठवले', हा मात्र मराठीत लिहिणाऱ्याचा आहे.